लेकीला १८ पूर्ण झाली, गाडी नीट शिकवायची कशी?

शाहूपुरीची आई, सातारा

नमस्कार. लेक मे महिन्यात १८ ची झाली. बारावीचा निकाल लागला आणि त्याच आठवड्यात तिनं लर्निंग लायसन्स काढलं. आमची गाडी नऊ वर्षांची, छोटी, पेट्रोलवरची, हातानं गिअर टाकायची. मिस्टर नोकरीमुळे आठवडाभर पुण्यात असतात, तेव्हा शेजारी बसायचं काम माझ्याकडे. मी अकरा वर्षं चालवतेय, पण शिकवायचं म्हटलं की कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही.

क्लास लावला होता. पंधरा दिवस, रोज अर्धा तास. सर बोलायला चांगले, पण त्यांच्या पायाखाली वेगळा क्लच-ब्रेक असतो. पोरीला वाटतं आपण चालवतोय, आणि निम्मी गाडी ते चालवत असतात. आरशात कधी बघायचं, हे पंधरा दिवसांत एकदाही निघालं नाही. बॉनेट तर उघडलंच नाही.

मागच्या रविवारी सकाळी लवकर आम्ही यवतेश्वरला गेलो. जाताना मी चालवली. येताना ती म्हणाली, रस्ता मोकळा आहे, मी घेते. मी दिली. दोन वळणं छान घेतली. तिसऱ्या वळणाला सीटखालची पाण्याची बाटली घरंगळत पुढे आली आणि ब्रेकच्या पॅडलखाली अडकली. तिनं पाय दाबला, पॅडल जाईना. "आई, ब्रेक लागत नाही" एवढंच म्हणाली. वेग वीसच्या आसपास होता. मी हँडब्रेक ओढला. गाडी डावीकडच्या कठड्यापासून दोन-तीन हातांवर थांबली. दोघी किती वेळ तशाच बसलो होतो, आठवत नाही. बाटली अर्ध्या लिटरची होती, चेपून पॅडलखाली घट्ट बसली होती.

तेव्हापासून ती गाडीला हात लावत नाही आणि मलाही आग्रह करायचा धीर होत नाही. पण शिकायला तर हवंच. पुढच्या महिन्यात कॉलेजला जाईल, मित्रमैत्रिणींच्या गाड्यांत बसेल. आज नाही तर उद्या कुणीतरी किल्ली हातात देईलच. ती वेळ यायच्या आत तिला गाडी समजलेली हवी.

तर, आधी काय शिकवायचं, नंतर काय? गाडीची स्वतःची माहिती कितपत हवी? आणि अजून एक. धाकटा १६ चा आहे. क्लासला स्कूटर मागतो, "सगळे नेतात" म्हणतो. घरात रोज वाद आहे.

कराडकर

ताई, धाकट्याचं आधी सांगतो, कारण त्यात मतामताचा प्रश्नच नाही.

१६ व्या वर्षी लायसन्स मिळतं ते फक्त बिनगिअरच्या ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं. आपल्या घरोघरी ज्या स्कूटर आहेत त्या ११० किंवा १२५ सीसीच्या. म्हणजे तुमच्या मुलाला ती स्कूटर चालवायचा परवाना १८ च्या आत मिळूच शकत नाही. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १९९-अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक जबाबदार. ३ वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही. अपघातात कुणी जखमी झालं आणि विमा कंपनीनं भरपाई दिली, तरी ती रक्कम मालकाकडून वसूल होऊ शकते. हे त्याला रागावून सांगू नका. कलम समोर ठेवा आणि त्यालाच वाचायला लावा. माझ्या पुतण्याला २५ वर्षांची अट वाचल्यावर पटलं, दंडाच्या आकड्यानं काही फरक पडला नव्हता.

लेकीबद्दल. लर्निंगवर असताना शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा आणि गाडीला पुढे-मागे लाल ‘एल’ हवा. लर्निंग ६ महिने चालतं, ३० दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते. पण ३० व्या दिवशी द्यायलाच हवी असं थोडंच आहे? सहाही महिने वापरा.

निवृत्त चालक, कोरेगाव

ताई, मी एसटीत ३१ वर्षं स्टेअरिंगवर होतो. पसरणी, कुंभार्ली, आंबेनळी, सगळे घाट रात्री-अपरात्री केलेत. तुमचा अनुभव वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. टायपिंग नातीचं आहे.

तुम्ही हँडब्रेक ओढला, चांगलं केलंत. पण पोरीला सांगून ठेवा, चालत्या गाडीत हँडब्रेक ओढायचा तर बटण दाबून धरायचं आणि हळूहळू ओढायचा. हिसक्यानं ओढला तर मागची चाकं जाम होतात आणि गाडी फिरते. वीसच्या वेगात निभावलं.

घाट एवढ्यात द्यायला नको होता. रागावू नका, माझ्या पोरीसारख्या म्हणून बोलतो. उताराची गाडी सगळ्यात शेवटी शिकवायची. चढ आधी, कारण चढावर चूक झाली तर गाडी बंद पडते, उतारावर चूक झाली तर ती पळते.

आता ब्रेक. पोरीला ब्रेकची भीती बसलीय ना, मग ब्रेकच ओळखीचा करून द्या. गाडी सपाटीवर दारात उभी करा. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद. तिला ब्रेक चार-पाच वेळा दाबायला सांगा. पहिल्या एक-दोन वेळा मऊ जाईल, मग पॅडल दगडासारखं होईल. तसाच पाय दाबून ठेवून किल्ली फिरवायची. इंजिन लागलं की पॅडल पायाखाली आपोआप थोडं खाली जाईल. आमच्या एसटीचे ब्रेक हवेवर चालतात, तुमच्या गाडीच्या ब्रेकला इंजिन व्हॅक्यूमची, म्हणजे हवा ओढून केलेल्या पोकळीची मदत देतं. इंजिन बंद झालं की ती मदत एक-दोन दाबांपुरतीच उरते. ब्रेक तेव्हाही लागतो, पण सगळी ताकद पायाची. पेट्रोल वाचवायला घाटात इंजिन बंद करून गाडी सोडणारे लोक मी पाहिलेत. त्यांना ही गोष्ट कुणी सांगितलेली नसते. किल्ली मागे फिरवली की पॉवर स्टेअरिंगही जड होतं, आणि किल्ली काढली तर ते लॉक होऊ शकतं. न्यूट्रलमध्येही उतरायचं नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा. इंजिन गाडीला धरून ठेवतं, ब्रेक गार राहतो. सतत दाबून ठेवलेला ब्रेक तापतो, जळका वास येतो आणि मग दाबूनही धरत नाही. वास आला की बाजूला घ्यायची आणि थंड होऊ द्यायची. अरुंद ठिकाणी चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा नियमही आहे आणि घाटाची रीतही.

दुसरं, अंतर. हे बोलून कळत नाही, चालून कळतं. ताशी ४० ला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, ८० ला २२ मीटर. मी नातवाला गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर २२ ढांगा मोजायला लावल्या आणि मागे वळून बघ म्हटलं. "तू मोबाइलकडे एक सेकंद बघितलास तर एवढी जागा डोळे मिटून गेलास." तो तिथंच उभा राहिला बराच वेळ. आणि हे नुसतं पाय ब्रेकवर जाईपर्यंतचं. त्यानंतर गाडी थांबायला लागणारं अंतर वेग दुप्पट झाला की चौपट होतं. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की "एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन" म्हणायचं. तीन म्हणायच्या आत आपण तिथं पोचलो तर आपण फार जवळ आहोत. पावसात दुप्पट मोजायचं. पहिल्या पावसात तर अजून जपून, रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येते.

बसायचं कसं हेही कुणी शिकवत नाही. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. सीट फार पुढे नको, एअरबॅग छातीजवळ उघडली तर तिचाच मार बसतो. पट्टा लावला नाही तर एअरबॅगचाही भरवसा नाही. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा. आणि ड्रायव्हरच्या पायापाशी काहीही ठेवायचं नाही. बाटली नाही, चप्पल नाही, सैल झालेलं मॅट नाही. माझ्या गाडीत क्लीनरचं फडकंसुद्धा तिथं नसायचं.

शाहूपुरीची आई, सातारा

काका, मनापासून आभार. रागावण्याचा प्रश्नच नाही, घाट द्यायला नको होता हे मलाही कळलंय. ब्रेकचा प्रयोग मी स्वतःसुद्धा कधी केलेला नाही. कराडकर दादा, कलम छापून फ्रिजवर लावलंय. धाकटा वाचून काही बोलला नाही, पण आज सायकल काढली.

गाडीच्या माहितीबद्दल कुणी सांगेल का? तेल, हवा, लाल-पिवळे दिवे?

माधवनगरची, सांगली

काकू, माझ्या पप्पांचं सांगलीत गॅरेज आहे. मी १८ ची झाल्यावर पप्पांनी पहिले पंधरा दिवस मला गाडी चालवू दिलीच नाही. रोज सकाळी एकच काम दिलं होतं, गाडीभोवती एक फेरी मारायची. खाली तेल-पाण्याचा डाग आहे का, टायर बसलाय का, दिवे लागतात का. तेव्हा राग यायचा. आज मी फेरी मारल्याशिवाय दार उघडत नाही.

हवा किती भरायची ते टायरवर बघायचं नाही. टायरवर असतो तो त्या टायरचा कमाल आकडा. तुमच्या गाडीचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. हवा टायर थंड असताना तपासायची, आणि स्टेपनीची कुणालाच आठवण राहत नाही म्हणून तिची आधी. टायरच्या खाचेत छोटे आडवे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली, टायर बदलायचा.

तेल बघताना गाडी सपाटीवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबायचं. पट्टी काढून पुसायची, परत घालायची आणि मग बघायचं. दोन खुणांच्या मध्ये हवं. गरम इंजिनवर कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं झाकण कधीच उघडायचं नाही. आमच्याकडे एकजण हात भाजून घेऊन आला होता, कोपरापर्यंत.

दिव्यांचं सोपं आहे. लाल म्हणजे थांब, पिवळा म्हणजे लवकर दाखव. तेलाच्या किटलीचा लाल दिवा चालताना लागला तर "घरापर्यंत जाऊ" म्हणायचं नाही, सुरक्षित जागा बघून तिथंच बाजूला घेऊन इंजिन बंद. दोन किलोमीटरमध्येही इंजिन बसू शकतं. तापमानाचा लाल दिवा असेल तरी तसंच.

चाक बदलायला एकदा तरी लावाच. हँडब्रेक, पहिला गिअर, दुसऱ्या चाकाला दगड. नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे, मग जॅक लावायचा. उचललेल्या गाडीवर जोर लावला तर ती जॅकवरून घसरते. नट आवळताना समोरासमोरचे आवळायचे, गाडी खाली आल्यावर परत एकदा. माझा जोर पुरत नव्हता, तर पप्पांनी पान्यावर उभं राहायला शिकवलं, फक्त सैल करताना. हायवेवर पंक्चर झालं तर मात्र रहदारीच्या बाजूला बसून चाक बदलायचं नाही. कठड्यापलीकडे उभं राहून १०३३ ला फोन करायचा.

आणि रात्र सगळ्यात शेवटी. गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या आष्ट्याच्या रस्त्याला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर असतात, मागे दिवा नाही, ऊस बाहेर लोंबतोय. समोरून गाडीचा अपर डोळ्यावर आला की ती ट्रॉली दिसतच नाही. अशा वेळी समोरच्या दिव्याकडे न बघता रस्त्याच्या डाव्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवायची आणि वेग कमी करायचा. तुमच्याकडेही ऊस आहेच. हंगाम संपेपर्यंत लेकीला रात्रीची गाडी देऊ नका.

पाण्याचंही सांगते, २०१९ चा पूर आम्ही घरात बघितलाय. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायचीच नाही. खाली रस्ता आहे की वाहून गेलाय हे दिसत नाही, आणि इंजिनात पाणी ओढलं गेलं तर आतले रॉड वाकतात. बंद पडलेली गाडी पाण्यात परत चालू करायला जायचं नाही.

शाहूपुरीची आई, सातारा

आठ दिवसांनी लिहितेय. बाटल्या आता मागच्या दाराच्या कप्प्यात असतात. लेकीनं दाराच्या चौकटीवरचं स्टिकर शोधलं. ३३ लिहिलंय. आम्ही इतकी वर्षं पंपावरचा मुलगा भरेल तेवढी भरत होतो. स्टेपनीत १४ निघाली.

ब्रेकचा प्रयोग काल संध्याकाळी केला. ती ड्रायव्हरच्या सीटवर बसायलाच तयार नव्हती. मी म्हटलं, गाडी जागची हलणार नाही, नुसता पाय ठेव. तिनं आधी वाकून पॅडलखाली हात फिरवून बघितला, मग बसली. पाच वेळा दाबला. "आई, गेला, तसाच झाला," म्हणून तिचा चेहरा उतरला. पाय काढू नको म्हटलं आणि किल्ली मीच फिरवली. पॅडल पायाखाली खाली गेलं तशी ती माझ्याकडे बघायला लागली. मग इंजिन बंद करून तिनं स्वतः परत केलं. तीनदा.

काका, उद्या सकाळी साडेसहाला मोकळ्या मैदानावर जातोय. पहिला गिअर, वीसचा वेग आणि नुसतं थांबायचं. ती म्हणाली २२ ढांगा मोजायच्यात. धाकटाही येतो म्हणतोय, ढांगा मोजायला.