प्रतिसाद: डास नसताना माकडताप कसा होतो?

वर विचारलंय की घराजवळ डासच नाहीत मग माकडताप कसा झाला, तर हा विषाणूचा ताप (क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, KFD) डासाने पसरतच नाही, गोचिडीने पसरतो. अंड्यातून निघालेलं पिल्लू, मग निम्फ (अर्धवट वाढलेली गोचीड), मग मोठी गोचीड, प्रत्येक टप्प्याला एकदाच पण दिवसेंदिवस चिकटून रक्त पिते. माणसाला जास्त करून निम्फच चावतो, तिळाएवढा, दिसतच नाही. आणि नेमका त्याचा सीझन म्हणजे सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-बांद्याकडचा काजूचा सीझन, लोक पालापाचोळ्यात वाकून बिया गोळा करतात. माकडांनाही हा ताप होतो, आणि माकड मेलं की गोचिडी अंग सोडून आजूबाजूला पसरतात, म्हणून मेलेल्या माकडाजवळ प्लीज जाऊ नका, लगेच आरोग्य केंद्रात कळवा. आणि बागेतून आल्यावर गरम पाण्याने आंघोळ, कपडेही धुवायला टाका, काखा जांघा नीट बघा.