आवाज नंतर चढवलेला असतो

युद्धाच्या जुन्या चित्रफितींबद्दल ‘चित्र अस्सल आहे, म्हणजे तोफांचा आवाजही तिथलाच’ असं म्हटलं जातं, ते पटत नाही. दुसऱ्या महायुद्धात आघाडीवरच्या अमेरिकी कॅमेरामनच्या हातात बहुतेक वेळा बेल अँड हॉवेल कंपनीचा आयमो हा कॅमेरा असे. ३५ मिमी फिल्म, चावीवर चालणारा, आणि ध्वनिमुद्रणाची सोयच नाही. आत १०० फुटांचं रीळ बसायचं. फुटाला १६ चौकटी (फ्रेम), सेकंदाला २४ धरल्या तर जेमतेम ६६ सेकंद! त्यात स्प्रिंग उतरली की थांबून पुन्हा चावी द्यायची. हे तुकडे इतके आखूड आणि तुटक दिसतात ते त्यामुळेच. आवाज घ्यायला वेगळी जड यंत्रणा लागे. ती भाषणाला नेता येई, चढाईत नाही. स्फोट, विमानांची घरघर, बुटांचा खडखडाट हे सगळं बहुतांशी संकलनाच्या टेबलावर घातलेलं.

ओळखायचं कसं? लांबचा स्फोट बघा. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. किलोमीटरभर अंतरावर मातीचा लोट उठला, तर धडाका जवळजवळ तीन सेकंदांनी ऐकू यायला हवा. दोन्ही एकाच क्षणी आले तर आवाज चिकटवलेला, हे नक्की. अभिलेखागारातलं न कापलेलं रीळ मिळालं तर तेच बघा. ते मूक असतं, आणि निवेदन नसल्यामुळे सैनिकांच्या चेहऱ्यांकडे नीट लक्ष जातं.