आधी कोणत्या देशांत विकणार ते ठरवा

परदेशातल्या ग्राहकांना माल विकणारी साइट काढताना ‘ऑर्डरी येऊ लागल्या की वकील गाठू’ असा सल्ला दिला जातो, तो मला पटत नाही. कायद्याच्या कितीतरी अटी साइटच्या रचनेतच उतरवाव्या लागतात. मागाहून करायचं म्हणजे रंगवलेली भिंत फोडून वायरिंग करणं.

चेकआउटच्या पानावरचा ‘ऑफर्स पाठवा’ हा छोटा चौकोनच घ्या. त्यात आधीच बरोबरची खूण असेल, तर युरोपीय संघात ती संमती धरली जात नाही. तिथला जीडीपीआर, म्हणजे लोकांच्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा, २५ मे २०१८ पासून लागू आहे. कंपनी कुठलीही असो, तिथल्या ग्राहकांना माल विकायला गेलात की तो तुम्हालाही लागतो.

परताव्याचं तर फारच मनावर घ्या. तिथे काही अपवाद सोडले तर ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत कारण न देता परत करता येते. हा हक्क ग्राहकाला नीट कळवलाच नाही, तर मुदत आणखी १२ महिन्यांनी वाढते! एक परिच्छेद लिहायचा राहिला म्हणून वर्षभर परतावे घेत बसाल.

कार्डाचे नंबर मात्र स्वतःच्या सर्व्हरवर ठेवूच नका, ऑनलाइन पैसे घेण्याची सेवा देणाऱ्या पेमेंट गेटवेकडे सोपवा. आणि अटी बदलल्या की जुनी प्रत तारखेसह जपून ठेवा. वाद झाला तर ऑर्डरच्या दिवशीची प्रतच विचारतात.