मदत हवी आहे: गर्दीची धास्ती घेतलेल्या भावासाठी

मंडळी, सल्ला हवाय. ४ जुलै २०२४ला टी-२० विश्वचषक जिंकलेल्या संघाची मिरवणूक निघाली, तेव्हा माझा धाकटा भाऊ मरीन ड्राइव्हवर होता. बसला उशीर, मागून लोंढा वाढतोय. अचानक रेटा आला, कुणीतरी किंचाळलं आणि पळापळ सुरू. हात छातीशी दाबलेले, श्वास घ्यायला जागा नाही. दोन अनोळखी पोरांनी त्याला कट्ट्यावर ओढून घेतलं म्हणून निभावलं. चप्पल तिथेच राहिली. (दुसऱ्या दिवशीचे चपलांच्या ढिगाचे फोटो तुम्हीही पाहिले असतील.)

तेव्हा आम्ही हसण्यावारी नेलं. पण ४ जून २०२५ला बंगळुरूत चिन्नास्वामी क्रिकेट स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत ११ जण गेले, त्या बातमीनंतर त्याचं बिनसलंच. लोकल आली की तळहात घामेजतात, गाड्या सोडत बसतो. आईने दृष्टही काढली!

आधी समुपदेशक गाठावा की थेट मानसोपचारतज्ज्ञ? टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ वर कुणी मराठीतून बोललंय का? डोंबिवली-ठाण्याकडे कुणी चांगलं माहीत असेल तर कृपया मेसेज करा. "मन घट्ट कर" हे सांगून झालंय, ते नको.