मदत हवी आहे: गाडीला आणि घरच्या बॅकअपला सीलबंद बॅटरी कुठली घ्यावी?
मंडळी, जरा सल्ला हवाय. आमच्या वॅगनआरची 35 एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) बॅटरी दमलीय, सकाळी सेल्फ मारला की नुसतं कटकट वाजतं आणि डॅशबोर्डचे दिवे मंद होतात, म्हणजे बदलायचीच आहे. त्यात इकडे चिपळूणला पावसात लाइट गेली की तासन् तास येत नाही आणि आईचं नेब्युलायझर, राउटर, एक फॅन एवढं तरी चालायलाच हवं. दुकानदार म्हणतो एकच मोठी एसएमएफ (सीलबंद, पाणी घालावं न लागणारी बॅटरी) घ्या, गाडीलाही लावा आणि लागली तर इन्व्हर्टरलाही. मला हे पटत नाही, गाडीची बॅटरी स्टार्टरला काही सेकंद दणकून करंट द्यायला बनवलेली असते, ती पूर्ण उतरवत राहिलो तर प्लेटा लवकर जाणार ना? घराला ट्यूब्युलर चांगली हे माहितीय, पण ती चार्जिंगला गॅस सोडते, पाणी बघावं लागतं, आणि आमच्याकडे जागा आहे ती आईच्या खोलीतच, म्हणून सीलबंदच पाहिजे. तर घरी 12 व्होल्टची डीप सायकल (बरीच उतरवून परत परत चार्ज करता येते अशी) व्हीआरएलए, म्हणजे सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी, कोणी वापरतंय का? 100 एएच पुरेल की 150च घेऊ? आणि इन्व्हर्टरवर बॅटरी टाइपचा स्विच असतो तो एसएमएफवर नाही ठेवला तर बॅटरी फुगते का? प्लीज लवकर सांगा, पाऊस तोंडावर आलाय.