बीबीसीवरचं इंग्रजी हल्ली वेगळंच का ऐकू येतं?

शंकासुर:
बरीच वर्षं बीबीसी ऐकतोय पण हल्ली कान टवकारून बसावं लागतं राव. ट्यूजडेचा चक्क च्यूजडे झालाय, ड्यूकचा ज्यूक, स्ट्रीट-स्ट्राँगला बरेच जण श्ट्रीट-श्ट्राँग म्हणतात आणि पुअर, शुअर तर सरळ पॉ आणि शॉ. काँट्रोव्हर्सीचं तर विचारूच नका, एकाच चर्चेत एक पाहुणा जोर पहिल्या अक्षरावर देतो, दुसरा दुसऱ्यावर. पूर्वीच्या निवेदकांचा शब्द न् शब्द सुटा कळायचा. ही लोकं आळशी झालीत का? आणि कुणाला शिकवायचं झालं तर यातलं शिकवायचं काय?

कानसेन:
आळस नाही हो. ट नंतर य आला की जीभ दोन्ही जागा एकदम गाठायला बघते आणि च तयार होतो. नेचर, पिक्चर हे शब्द असेच बनलेत, त्यात आधी ट-य असाच उच्चार होता, पण आज नेचर म्हणणाऱ्याला कोणी आळशी म्हणत नाही. च्यूजडेमध्ये तेच, फक्त जोर असलेल्या अक्षरात आता घडतंय म्हणून कानाला टोचतं. श्ट्रीटचं कारण पुढचा र, त्याच्यासाठी जीभ मागे सरकते आणि स ला पण सोबत ओढते.

जुनं खोड:
कारणं सगळी मान्य, पण ऐकणाऱ्याने काय करायचं? वॉटर, बटरमधला ट घशातच गिळून टाकतात. आपापसात काय हवं ते बोला, बातम्या वाचताना तरी जगभरचे लोक ऐकतायत याचं भान नको का?

रेडिओवेडा:
@जुनं खोड, ते जुनं 'शुद्ध' इंग्रजी पण मुद्दाम घडवलेलंच होतं की. 1926 साली बीबीसीने उच्चार ठरवायला समिती नेमली, अध्यक्ष राजकवी रॉबर्ट ब्रिजेस, नंतर बर्नार्ड शॉ. म्हणजे शॉ आयरिश माणूस आणि इंग्रजांचे उच्चार ठरवणार, मला तर फार मजा वाटते याची. पुढे युद्धाच्या काळात यॉर्कशरच्या विल्फ्रेड पिकल्सला बातम्या वाचायला बसवलं तर त्याच्या उत्तरेकडच्या बोलीवर लोकांनी तक्रारी केल्या. आज तशा बोलीचे निवेदक रोज ऐकतो आपण. आणि राणी एलिझाबेथसुद्धा सुटली नाही बरं का, तिच्या नाताळच्या भाषणांवर 2000 साली नेचर या नियतकालिकात अभ्यास आला होता, 1950 च्या दशकातले तिचे स्वर 1980 च्या दशकापर्यंत सरकलेले, आणि सरकले ते दक्षिण इंग्लंडातल्या साध्या, कमी उमरावी बोलीकडे. आता राणीला आळशी कोण म्हणणार 😄

मधलीसुट्टी:
एक उलटी बाजू पण आहे, ती कोणी बोललंच नाही. सगळेच उच्चार झिजत नाहीयेत, काही उलट भरीव होतायत. फोरहेडला जुने लोक फॉरिड म्हणायचे, आता स्पेलिंगप्रमाणे फोर-हेड. ऑफनमधला ट कधीचाच गेला होता तो कित्येक जण परत ऑफ्टन म्हणून आणतात. कारण शब्द आधी वाचला जातो, मग तोंडात येतो. आणि गंमत म्हणजे तक्रार यावरही होतेच! ट गिळला तरी बोंब, ट म्हटला तरी बोंब, मग आळसाचा मुद्दा राहतो कुठे?

जुनं खोड:
ऑफ्टन चालेल. वॉटरचा ट पण द्या परत 😏

कानसेन:
@शंकासुर, शिकवायचं राहिलंच की. बोलायला ट्यूजडेच शिकवा, सगळीकडे समजतं, पण च्यूजडे ऐकवून ठेवा नाहीतर पोरं बातम्यांत अडकतील. काँट्रोव्हर्सीचे दोन्ही उच्चार डिक्शनरीत असतात, दुसऱ्या अक्षरावरच्या जोराला चूक म्हणून काट मारू नका. स्केड्यूल-शेड्यूलचंही तेच.

शंकासुर:
बरं, श्ट्रीट मात्र मी शिकवणार नाही. ऑफ्टनवाल्या पोरांना आजवर लाल रेघ मारत आलोय, ती आता बंद.