कोळी ओढून नेणाऱ्या माशीला मराठीत काय म्हणता?

धरमपेठी:
काल सकाळी कुंडीमागं एक निळसर काळी माशी दिसली, पंख तांबूस, आणि तिच्याहून मोठ्या कोळ्याचा पाय तोंडात धरून उलटी उलटी मागं ओढून राहिली होती. कोळी मेलेला वाटत नव्हता पण हलतही नव्हता. आई म्हणे कुंभारीण आहे, शेजारच्या काकू म्हणे गांधीलमाशी, आणि खालचे भय्या हिंदीत अंजनहारी म्हणून मोकळे झाले. मग खरा शब्द कोणता?

कूलरवाला:
गांधीलमाशी तर नाहीच जी, ती पोळं करून घोळक्यानं राहते. कुंभारीण मला चांगली ठाऊक आहे, दर मार्चमध्ये कूलर खाली काढला की मोटरच्या मागं नाहीतर जाळीच्या कोपऱ्यात मातीनं लिंपलेलं तिचं घर असतेच. उन्हाळ्यात कूलरखाली जो चिखल होते त्याचीच गोळी करून नेते बाई. एकदा पेचकसनं असं घर फोडलं तर एकेका खोलीत दहा-पंधरा बारके कोळी कोंबलेले, म्हटलं मेले असतील, तर एकानं पाय हलवला! त्या दिवशी मोटर तशीच ठेवून दिली.
पण तुमची ती वेगळी वाटते. कुंभारीण बारके कोळी उडत आणते आणि एका खोलीत भरपूर भरते. ही एकच मोठा कोळी धरते, जमिनीत बीळ करून त्यात नेते, त्याच्या पोटावर एकच अंडं घालते आणि तोंड बुजवून टाकते. अळी निघाली की तोच कोळी खाते, जिवाचा भाग शेवटी, म्हणजे जेवण ताजं राहते. मडकं नाही तर कुंभारीण काहून म्हणायचं?

जुनी पाटी:
दादा, मडक्याचं बरोबर, पण या शब्दातलं स्त्रीलिंग बघा. कुंभार नाही, कुंभारीण. घर बांधणं, शिकार, डंख सगळं मादीचं काम, कारण डंख म्हणजे मुळात अंडी घालायची नळीच, नराला तो असणारच कसा? नर आपला फुलांवर मध पीत फिरतो. ज्यानं कोणी हा शब्द केला त्यानं नीट पाहिलं असणार.
आता भृंगी, म्हणजे कुंभारणीचंच जुनं नाव. संतवाङ्मयातला कीटभृंगीन्याय माहीत असेल, भृंगी अळीला घरात कोंडते, गुणगुणते, आणि ध्यास घेऊन घेऊन अळीच भृंगी होते. यातलं पाहिलेलं सगळं खरं आहे, अर्थ तेवढा चुकला. माती थापताना कुंभारीण खरंच गूंऽऽ आवाज करते, कान दिला तर खोलीभर ऐकू येतो. आणि बाहेर येते ती तिचीच लेक, अळी तर जेवणात गेली. फक्त न्यायातली भृंगी अळ्या आणते, म्हणजे ती छोटी सुरईसारखी मडकी करणारी असावी, तुमच्या कूलरमधली कोळीवाली नाही. आपण मात्र दोघींनाही कुंभारीणच म्हणतो.
अंजनहारीचं म्हणाल तर हिंदीत रांजणवाडीलाही तोच शब्द आहे, कुंभारणीच्या घराची माती डोळ्याला लावायची समजूत होती म्हणून. लावू नका बाप्पा.

नवशिकी:
मग कोळीमार म्हणू या ना, सोपं आहे!

जुनी पाटी:
मारत नाही ना पण ताई, लुळा करते. मेला तर सडेल, अळी काय खाईल?

नवशिकी:
बरं मग कोळीओढणी 😀

कूलरवाला:
ओढणी म्हटलं की दुपट्टाच डोळ्यासमोर येते. इंग्रजीवाले अमेरिकेतल्या मोठ्या जातींना टॅरंटुला हॉक, म्हणजे मोठ्या कोळ्यांचा ससाणा, म्हणतात, न्यू मेक्सिकोनं तर 1989 मध्ये तिला राज्यकीटक केलं. त्यावरून कोळीससाणा म्हणता येईल, पण तो पक्षीच वाटते. आणि या कुळात जगभर 5000 च्या आसपास जाती आहेत, एका नावात कुठे मावणार.

जुनी पाटी:
नाव काही ठेवा, अशा एकट्या राहणाऱ्या माशीला इंग्रजीत सॉलिटरी म्हणतात, त्याला मात्र एकलकोंडी लिहू नका, परवा कुठेतरी वाचलं आणि डोकं उठलं. एकलकोंडी म्हणजे माणसं टाळणारी, रुसल्यासारखी. हिला कुणाचा राग नाही, घोळका नाही एवढंच. एकांडा शिलेदार असतो ना, स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार, कुणाच्या पथकात नाही, तशी ही एकांडी. आणि काटेकोर बोलायचं तर माशीही नाही, माशीला दोन पंख, हिला चार, ही मुंग्या-मधमाश्यांच्या गोतातली. पण मधमाशी चालते तर हीही चालेल.

धरमपेठी:
मग मी वहीत "एकांडी कोळीमाशी" लिहून घेतलं, पटत नसेल तर सांगा. आईला वाचून दाखवलं तर म्हणे एवढ्या चर्चेपेक्षा मी सांगितलेली कुंभारीण काय वाईट होती? कुंडीमागचं भोक आज बुजलेलं आहे, पाणी घालणाऱ्या मावशींना ती कुंडी हलवू नका म्हणून सांगून ठेवलं.